महालिंगप्पांची कपिली

धाराशिवात मोटारी तीन. एक तालुकदारसाहेबांची, तिच्याकडे नुसतं बघायचं. दुसरी सर्व्हिसची, तिच्यात माणसं, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपा एकमेकांच्या मांडीवर बसून जातात. तिसरी महालिंगप्पांची कपिली. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, दिवस भरत आलेल्या बाईला येडशी स्टेशनावर न्यायचं असलं की लोक तिच्याच दारात जातात. लढाई संपून वर्ष झालं, त्या श्रावणात आयुब मिस्त्रींनी कपिलीचं इंजिन उघडून मान हलवली, तेव्हा निम्म्या गावाला रुखरुख लागली. मला तर घास उतरेना. माझ्या लेकीला, शिवकांताला, आठवा संपत आला होता.

महालिंगप्पा पन्नाशीचे. अंगानं किरकोळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बाराही महिने एकच खाकी कोट. त्यांच्या वडिलांची बैलांची धमणी होती, येडशीच्या वाटेवर भाडं मारायची. महालिंगप्पा तिच्यावरच वाढले. पुढं एका तालुकदारांच्या मोटारीवर आधी पुसायला आणि मग हाकायला लागले. साहेबांची बदली झाली, जुनी मोटार इथंच काढून टाकायची ठरली, तेव्हा यांनी धमणी आणि बैलजोडी विकून ती घेतली. घरी आणली त्या दिवशी त्यांच्या आईनं, पार्वतम्मांनी, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. रंग तांबूस म्हणून नाव ठेवलं कपिली. बैल विकून गाय आणली म्हणून गाव हसलं.

त्याला पंधरा वर्षं झाली. धाराशिव ते येडशी आणि येडशी ते धाराशिव, दुसरा रस्ता कपिलीला ठाऊक नाही. तिच्यातलं मैलांचं घड्याळ एकदा सगळे नऊ दाखवून पुन्हा शून्यावर आलं. त्या क्षणी महालिंगप्पांनी भर रस्त्यात गाडी थांबवली, खाली उतरून नारळ वाढवला आणि आतल्या चौघांना खोबरं वाटलं. एकाची आगगाडी चुकली. तो तणतणला तेव्हा म्हणाले, "आगगाडी उद्याबी येतीय, मालक. शून्य काय रोज येतंय व्हय?"

पोळ्याला ते कपिली बाहेर काढत नाहीत. दिव्यांना गेरू लावतात, रेडिएटरपुढं पुरणपोळी ठेवतात. चढाला लागली की बैलांना करावं तसं जिभेनं टक्‌टक् करतात, "हो कपिले, हो." भोंगा मात्र कधी वाजवत नाहीत. वाटेतली गुरं बिचकतात म्हणून.

असा माणूस. माझ्या मनात मात्र त्यांच्या मोटारीविषयी एक अढी होती आणि ती त्यांनाही माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी शिवकांताचं पहिलं बाळंतपण. येडशीहून आगगाडीनं बार्शीच्या लेडी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, आणि नेमकी त्याच दिवशी कपिली दारात बंद पडली. हँडल मारून मारून महालिंगप्पांचे तळहात सोलले, पण ती उठेना. शेवटी आम्ही बैलगाडी केली. निम्म्या वाटेवर, एका मोरीजवळच्या लिंबाखाली, पोरीला कळा सुरू झाल्या. मूल गेलं. पोर वाचली एवढंच. त्यानंतर कित्येक दिवस महालिंगप्पा आमच्या आळीतून जाताना मान वर करत नव्हते.

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, नववा लागला की मुलीला बार्शीत आणून ठेवा. आठव्यात वेस ओलांडायची नाही हा तिच्या सासूचा हट्ट. म्हणजे अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं. मध्ये राहिले होते नऊ दिवस. सर्व्हिसच्या मोटारीत तिला कोंबायची नाही, आणि बैलगाडीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

आयुब मिस्त्री म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, बाई. पेट्रोल कमी आणि तेल जास्ती पिते. बुढ्ढ्या माणसासारखी खोकते. नवीन रिंगा मिळाल्या तर चालेल. किती चालेल ते अल्ला जाणे."

सोलापुरात तेव्हा मिलिटरीच्या डिस्पोजलच्या जुन्या गाड्या विकायला निघत होत्या. चांगली धडधाकट एक मिळते असा निरोप महालिंगप्पांच्या चुलत भावानं धाडला होता. मग बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कुणी म्हणे दुरुस्त करा, कुणी म्हणे मोडून टाका. महालिंगप्पा सकाळी एक ठरवत आणि दुपारी दुसरं.

मी त्यांच्या घरी जाऊन सरळ बोलले. "महालिंगप्पा, माणसाचा जीव मोठा की लोखंड मोठं?"

ते कोटाचं बटण फिरवत राहिले. "तुमचं खरं हाय, वकीलीणबाई. पर ही लोखंड हाय हे मला अजून कुणी सांगितलंच न्हाय."

"मी सांगते आहे."

"व्हय," ते म्हणाले. "तुम्हांला सांगायचा हक हाय."

मला ते लागलं. पण मी माघार घेतली नाही. शेजारी पार्वतम्मा जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा सोलापूरला गेले, नवी गाडी बघायला. जाताना आयुबना सांगून गेले, "अव्वा येऊन बघंल. ती ठेव म्हटली तर ठेवा, मोड म्हटली तर मोडा. माझ्यानं काय बोलवत न्हाय." अव्वा म्हणजे आई. त्यांच्या घरात पार्वतम्मांचा शब्द शेवटचा.

त्या आल्या तेव्हा मी आयुबच्या छपरातच होते. घरी जीव ठरत नव्हता, म्हणून रोज एक चक्कर मारत असे. पंचाहत्तरीची बाई, काठी टेकत आली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "साकु." आणि आली तशी निघून गेली.

आयुब माझ्याकडे बघू लागले. "काय बोलली अम्मा? आपल्याला कानडी नाही समजत."

पार्वतम्मांचं माहेर अक्कलकोटाकडचं. जीव भरून आला किंवा राग आला की त्या कानडीत जातात. आम्हीही त्यांच्याच समाजाचे, पण माझ्या माहेरचं कानडी दोन पिढ्यांमागे सुटलं. पुण्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकले, संस्कृत शिकले. कानडीचे सात-आठ शब्द येतात, त्यांतला हा एक. आमच्याकडे चहा ओतताना त्या कपावर हात धरून हेच म्हणतात.

"पुरे म्हणाल्या," मी आयुबना सांगितलं. "आता पुरे."

आयुबनी हातातला पाना खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मग मोडायची," ते म्हणाले.

कळंबच्या कल्याणप्पा गिरणीवाल्यांना पिठाच्या गिरणीसाठी इंजिन हवंच होतं. त्यांना निरोप गेला. चाकं कुणाच्या तरी बैलगाडीला जाणार होती. कपिली विटांवर उभी राहिली. मी घरी आले आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण चार दिवस झाले तरी सोलापूरचं पत्र नाही. शिवकांताच्या पायांवर सूज दिसू लागली. ती नुसती विचारायची, "आई, महालिंगप्पा आले?" अमावास्या चार दिवसांवर आली. नवी गाडी मिळाली तरी तिला इंग्रजी मुलखातून संस्थानात आणायला नाक्यावर परवाना लागतो, हे वकीलसाहेबांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, जेवताना सहज सांगितलं. किती दिवस लागतात, असं विचारल्यावर त्यांनी ताटातली भाकरी मोडत म्हटलं, "एकाला तीन महिने लागले."

मी तशीच उठून पार्वतम्मांकडे गेले. काही निरोप आला का विचारायला.

त्या अंगणात एका वासराला फडक्याच्या बोळ्यानं दूध पाजत होत्या. "बा, बा," म्हणत त्याची मान कुरवाळत होत्या.

"ह्याची आई?"

"मेली. आठ दिसांचं होतं. म्या साकलं."

"साकलं म्हणजे?"

"पोसलं, गं बाई. आईमागारी सांभाळलं. साकु म्हंजी पोस."

मी पायरीवर बसले.

"अम्मा, साकु म्हणजे पुरे ना?"

"पुरेबी व्हय. आन् पोसबी व्हय."

"मग कपिलीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात ते कुठलं?"

पार्वतम्मांनी बोळा वाडग्यात सोडला. "तुला कुठलं वाटलं?"

मी आयुबच्या छपराच्या दिशेनं पाहिलं. त्यांना तेवढ्यात कळलं.

"अगं, पुरे म्हणायचं तर म्या दोनदा म्हणती. साकु साकु! एकदा म्हटल्यानं वाढणारी कधी थांबती का?" आणि मग आवाज खाली आणून, "तू आयुबला काय सांगितलंस?"

"मोडायला सांगितलं."

"इंजन?"

"आज कल्याणप्पा न्यायला येणार आहेत."

त्या काठी शोधू लागल्या. मी म्हटलं, मी पुढं होते. गल्लीतून जाताना मनात आलं ते इथं लिहायला लाज वाटते. मी गप्प बसले तर? इंजिन कळंबला जाईल, महालिंगप्पांना नवी गाडी घ्यावीच लागेल. चांगली, धडधाकट. मला हवी तशी. तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, चुकले होते. पण आता गप्प बसले असते तर ते खोटं झालं असतं. आणि नवी गाडी नाक्यावर अडकली तर माझ्या पोरीला पुन्हा बैलगाडीच. कुठल्या बाजूनं विचार केला तरी ती मोरी आणि तो लिंबच समोर येत होता.

छपरात इंजिन गोणपाटावर उतरवून ठेवलं होतं. बाहेर कल्याणप्पांची बैलगाडी आणि दोन गडी. कल्याणप्पा दांडगे, मिशांना पीठ लागल्यासारखे पांढरे.

"थांबा," मी म्हटलं. "चूक झाली आहे. गाडी ठेवायची आहे."

"चूक कुणाची?"

"माझी. शब्दाची."

"बाई, मी पहाटं कळंबाहून निघालो ते शब्दावरच. मिस्त्रींचा शब्द हाय मला." त्यांनी गड्यांना खूण केली. "उचला रे."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. पार्वतम्मा धापा टाकत आत आल्या, कुणाकडे न बघता इंजिनाजवळ गेल्या आणि पदर सावरून सरळ त्याच्यावर बसल्या.

"उचला," त्या म्हणाल्या. "मला संगट घेऊन उचला. गिरणीत मीबी दळायला येती."

गडी मागं सरले. कल्याणप्पांनी कपाळाला हात लावला. "अम्मा, लुगड्याला तेल लागतंय!"

"लागू दे. पंधरा वर्षं माझ्या लेकाच्या कोटाला लागतंय. त्याला कुणी इचारलं?"

आयुब तोंडावर रुमाल धरून हसत होते. मग पुढं होऊन त्यांनी कल्याणप्पांना दुसरं इंजिन शोधून देतो म्हणून शब्द दिला. "आणखी एक शब्दच की," असं पुटपुटत कल्याणप्पा रिकामी गाडी घेऊन परतले.

आयुब म्हणाले, "दोन दिवसांत इंजिन बसवतो. पण रिंगा? त्या सोलापुरातच. महालिंगप्पांनी तिथं नवी गाडी घेऊन टाकली असेल तर?"

मी तारऑफिसात धावले. तारबाबू चष्मा कपाळावर चढवून कागद वाचू लागले. "साकु. हे काय गावाचं नाव?"

"शब्द आहे. कानडी."

"अर्थ?"

"दोन आहेत."

"बाई, दोन अर्थांची तार जात नसते. दिवस कसले आहेत बघता ना! वर विचारणा झाली तर मी काय सांगू?"

मी तो शब्द खोडला. लिहिलं: आई सांगते कपिली पोसा. नवी नको. रिंगा आणा. बाबूंनी ते तीनदा वाचलं. "कपिली ही गाय?" मी हो म्हटलं. तेवढं खोटं त्या दिवशी बोलले.

महालिंगप्पा तिसऱ्या दिवशी आले. कोटाच्या आतल्या खिशात तेलकट कागदात गुंडाळलेल्या रिंगा. आयुबच्या हातात देताना त्यांनी त्या एकेक करून मोजल्या. माझी चूक मी त्यांना सांगितली, सगळी.

ते म्हणाले, "बाई, बसलो होतो नव्या गाडीत. लई गोड चालती. आवाजच न्हाय. आन् मग भ्या वाटाय लागलं. आवाजच न्हाय तर तिला काय दुखतंय हे मला कळायचं कसं? तरीबी तुमच्या पोरीसाठी घेणार होतो. सकाळी व्हय म्हणायचं होतं. सांजंला तार आली."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या पोरीसाठी ते घेणार होते आणि मीच ते थांबवलं होतं.

आयुबनी अमावास्येलाही काम सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपिली आमच्या दारात उभी राहिली. पुढच्या पायरीवर आयुब, कान बॉनेटकडे लावून. त्यांनी एकच अट घातली. नव्या रिंगा बसल्यात, पाचशे मैल होईपर्यंत काटा पंधराच्या वर न्यायचा नाही.

"पण आगगाडी गाठायची आहे!"

"गाठू," महालिंगप्पा म्हणाले. "म्हणून तर लवकर आलो."

इतक्या हळू जाणारी मोटार मी पाहिलेली नव्हती. एक सायकलवाला आम्हांला मागं टाकून गेला आणि वळून हसला. शिवकांता उशीला टेकून बसली होती, तिचा हात माझ्या हातात. मी डाव्या हातावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि इंजिनाचा एकेक ठोका ऐकत होते. मोरी जवळ आली तशी मी शिवकांताशी काहीतरी बोलायला लागले, तिनं बाहेर बघू नये म्हणून. लिंब आलाच.

"आई, इथंच ना?"

महालिंगप्पांनी मागं पाहिलं नाही. जिभेनं टक्‌टक् केलं. "हो कपिले. हो माझी बाय. थांबू नगं." लिंबाची सावली बॉनेटवरून आली, आमच्या अंगावरून सरकली, मागं गेली. शिवकांतानं डोळे मिटले. हात मात्र सोडला नाही.

रामलिंगाच्या रानाजवळून स्टेशन दिसू लागलं, तेव्हा आगगाडी फलाटाला लागलेली होती. एरवी गार्ड थांबायचा. लांबून कपिलीचा काळा धूर दिसला की, माणसं येताहेत, म्हणून निशाण खाली ठेवायचा. आज धूरच नव्हता. रिंगा नव्या होत्या. गार्डनं रस्त्याकडे पाहिलं, धूर दिसला नाही, आणि हिरवं निशाण हातात घेतलं.

"महालिंगप्पा!" मी ओरडले.

त्यांनी वेग वाढवला नाही. त्यांनी भोंगा दाबला. पंधरा वर्षांत न वाजलेला तो भोंगा आधी नुसता घरघरला आणि मग म्हशीसारखा हंबरला. रस्त्यावरची शेळ्या-मेंढरं चौखूर उधळली. गार्डनं निशाण खाली केलं.

डब्यात शिवकांताला बसवून दिल्यावर ते खिडकीशी आले. कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. म्हणाले, "ताई, ते मागलं..." शिवकांतानंच हात जोडले.

बाळंतपण अवघड गेलं. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांविषयी मी लिहिणार नाही. मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. हे लिहिता लिहिता मी दोनदा उठून पाळण्यात डोकावून आले, श्वास चालू आहे ना बघायला. चालू असतो.

सव्वा महिन्यानं आम्ही परत आलो, तेव्हा येडशी स्टेशनाबाहेर कपिली उभी होती आणि पुढच्या बाकावर पार्वतम्मा. त्या जन्मात मोटारीत बसल्या नव्हत्या. उतरताना त्यांनी आधी काठीनं जमीन चाचपली. त्यांनी बाळाला हातात घेतलं, कपाळाला विभूती लावली, शिवकांताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साकु."

एकदाच म्हणाल्या.

परत येताना चढावर इंजिनात डाव्या बाजूला काहीतरी वाजू लागलं. बारीक, ठक् ठक्, मग बंद, मग पुन्हा. मी पुढं वाकले.

"महालिंगप्पा, हा आवाज कसला?"

"काय न्हाय, बाई. तुम्ही बाळाकडं बघा."

पण त्यांचीही मान एका बाजूला कललेली होती. घर येईपर्यंत आम्ही दोघं ऐकतच होतो.